एकच सिलेंडर परत परत मिसिंग करतोय? नवीन कॉइल घ्यायच्या आधी कपलर उघडून बघा

आयडलला गाडी थरथरतेय, पिकअप द्यायला गेलं की दोन-तीन झटके खाते, चेक इंजिनचा दिवा कधी लागतो कधी आपोआप जातो, स्कॅनर लावला की दरवेळी त्याच सिलेंडरचा कोड, प्लग बदलून झाले, कॉइलपण नवीन टाकून झाली, आणि दरवेळी काम केल्यावर थोडे दिवस गाडी एकदम मस्त चालते आणि मग येरे माझ्या मागल्या. तुमच्याकडे हेच चालू असेल तर बहुतेक वेळा दोष पार्टमध्ये नसतोच, पार्टला करंट आणून देणाऱ्या कपलरमध्ये असतो. (मिसिंग किंवा मिसफायर म्हणजे सिलेंडरमधलं पेट्रोल वेळेवर न जळणं, आणि कॉइल म्हणजे प्लगच्या स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा पार्ट. कॉइलच्या डोक्यावर बसणारं जे प्लास्टिकचं सॉकेट, ज्यात वायरी येतात, त्याला मी इथे कपलर म्हणतोय.)

आता थोडे दिवस का होईना गाडी सुधारते ती कशामुळे, हे आधी समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच आहे. कॉइल बदला, प्लग बदला, काहीही करा, कपलर काढून परत लावावाच लागतो, आणि अशी काढ-घाल केली की आतल्या पिना एकमेकींवर घासल्या जातात, वरचा काळपट थर खरवडला जातो आणि कॉन्टॅक्ट तात्पुरता सुधारतो. श्रेय मात्र नवीन कॉइलला मिळतं! मग काही दिवसांनी थर परत जमतो, कपलर परत हलायला लागतो आणि आपण म्हणतो नवीन कॉइलपण डुप्लिकेट निघाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

म्हणून नुसता "दाबून बसवला, झालं" हा उपाय नाहीये. कपलर सैल का झाला आणि त्याला कोण हलवतंय हे शोधलं नाही तर तो परत सैल होणार, कितीही वेळा दाबा.

एवढ्याशा सैल पिनेने इंजिन मिसिंग कसं करतं

थोडं गणित बघू, कंटाळा आला तर हा भाग सोडून पुढे जा. चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये प्रत्येक सिलेंडरला दोन चकरांमागे एकदा स्पार्क लागतो, म्हणजे ३००० आरपीएमला एका कॉइलला सेकंदाला २५ वेळा फायर करायचंय. प्रत्येक वेळी कॉइल चार्ज व्हायला ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) तिला फक्त काही मिलिसेकंद देतो आणि तेवढ्या वेळात ती पाच-दहा अँपिअरपर्यंत करंट ओढते. आता समजा सैल पिनेमुळे मध्ये फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आला, तर सहा अँपिअरला तिथेच तीन व्होल्ट खाल्ले गेले. बारापैकी तीन गेले म्हणजे कॉइल पूर्ण चार्जच होत नाही आणि स्पार्क मरतुकडा पडतो. आयडलला तो कसाबसा चालून जातो, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना सिलेंडरमधलं प्रेशर वाढलं की त्याच गॅपमधून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे स्पार्क हरतो. म्हणून "हळू चालवली की ठीक, लोडवर झटके" अशी तक्रार असते. आणि कॉन्टॅक्ट पूर्णच तुटत असेल तर मग आयडललाच तीन सिलेंडरवर चालल्यासारखी गाडी हलते.

ईसीएमला मिसफायर कळतो तो क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) सेन्सरवरून. प्रत्येक सिलेंडर फायर झाला की क्रँकला एक धक्का मिळतो, तो धक्का आला नाही की क्रँक तेवढ्यापुरता किंचित मंदावतो, आणि कोणाची पाळी होती हे ईसीएमला माहीत असतं, म्हणून तो सिलेंडरचा नंबर सांगू शकतो. पण *का* फायर झाला नाही हे त्याला यातून कळत नाही. पी०३०२ म्हणजे "दोन नंबर फायर झाला नाही" एवढंच, "दोन नंबरची कॉइल बदला" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

कोड नीट वाचा

पी०३०१ ते पी०३०४ हे त्या त्या सिलेंडरचे मिसफायर, पी०३०० म्हणजे कुठलाही एक नक्की नाही, सगळीकडे थोडं थोडं. याच्या सोबत पी०३५१, पी०३५२ असा पस्तिशीतला कोड असेल तर सोन्याहून पिवळं, कारण तो कॉइलच्या सर्किटचा कोड आहे, म्हणजे ईसीएमला त्या सर्किटमध्येच, म्हणजे वायर, कपलर किंवा कॉइलमध्ये, गडबड दिसलीय. पी०२०१, पी०२०२ वगैरे असतील तर ते इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या पार्टच्या) सर्किटचे, मग कॉइल सोडा आणि इंजेक्टरचा कपलर धरा. सर्किटचा कोड आला नाही म्हणून कपलर चांगला असंही नाही हं, अर्धवट कॉन्टॅक्टमध्ये बऱ्याच वेळा फक्त मिसफायरचाच कोड येतो.

कोड डिलीट करायची घाई करू नका. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम डेटा सेव्ह झालेला असतो, म्हणजे कोड आला तेव्हा आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, कूलंटचं टेंपरेचर किती. फोटो काढून ठेवा. दरवेळी गरम इंजिनवर येतोय, की थंड असतानाच, की पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर, की खड्ड्यात आपटल्यावर, यावरून अर्धं काम होतं. गरम झाल्यावर येत असेल तर पिनेची पकड किंवा आतून तुटत आलेली वायर, पाण्यानंतर येत असेल तर सील रबर, खड्ड्यात येत असेल तर कपलरचं लॉक किंवा हार्नेसचा (वायरिंगच्या जाड दोराचा) ताण, साधारण असा अंदाज बांधायचा. अंदाजच आहे, पण उगाच सगळं उचकटण्यापेक्षा बरा.

एक महत्त्वाचं, चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून *ब्लिंक* होत असेल तर गाडी रेटू नका. जळालेलं नाही ते पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनीत धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो आतून वितळू शकतो आणि मग कपलरच्या क्षुल्लक कामाचं मोठ्ठं काम होतं.

अजून एक सोपी खूण, गाडी मिसिंग करत असताना मागे सायलेन्सरजवळ कच्च्या पेट्रोलचा वास येतोय का बघा. येत असेल तर पेट्रोल पोचतंय आणि स्पार्क पडत नाहीये, म्हणजे कॉइलची बाजू. अजिबात येत नसेल तर इंजेक्टरच्या कपलरवर पण संशय ठेवा.

कॉइलची अदलाबदल, आणि त्यातली मेख

ही टेस्ट सगळ्यांना माहीत असते. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर, कपलर मात्र ज्या सिलेंडरचे त्याच सिलेंडरला राहू द्यायचे (कपलर इकडचे तिकडे केले तर स्पार्कची वेळच चुकेल). कोड डिलीट, गाडी फिरवा. मिसफायर तीनवर गेला तर कॉइल खराब, विषय संपला. दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग, कपलर, वायर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) यापैकी काहीतरी.

पण तिसरा निकाल असतो ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. मिसफायर *कुठेच* आला नाही! लोक खूश होतात की झालं, गाडी बरी झाली. अहो, खराब पार्ट जागा बदलून चांगला होत नाही. तुम्ही काढ-घाल केलीत म्हणून कॉन्टॅक्ट सुधारला, एवढंच. माझ्या मते कपलरवर बोट ठेवणारी याच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही आणि ती फुकटात मिळते.

हलवून बघणे

इंजिन चालू, आयडलला, बॉनेट उघडं. बाह्या वर करा, गळ्यातलं काही लोंबत असेल तर काढा, बेल्टपासून लांब राहा आणि रेडिएटरचा फॅन कधीही अचानक सुरू होतो हे डोक्यात असू द्या. कॉइलच्या आत २० ते ४० हजार व्होल्ट तयार होतात त्यामुळे चालू इंजिनवर कॉइलला हात लावू नका, आणि कोणाला पेसमेकर असेल तर त्याने या कामाच्या जवळपासही थांबू नये. कोरड्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या काठीने कपलर हलकेच डाव्या-उजव्या बाजूला, वर-खाली ढकला. मग कपलरपासून वीतभर मागे वायरीला, मग अजून मागे. इंजिनचा आवाज बदलला, झटका आला, तर सापडलं. स्कॅनरवर लाइव्ह मिसफायर काउंट दिसत असेल तर कोणाला तरी ते बघत बसायला सांगा, कानाला न कळणारा एखादा मिस पण आकड्यात दिसतो.

कपलर हलवल्यावर काही होत नाही पण वीतभर मागे वायर वाकवली की होतंय, असं असेल तर पिन नाही, वायर आतून तुटलीय. वरचं प्लास्टिक शाबूत आणि आत तांब्याच्या तारा तुटून दोन-चारच उरलेल्या. हे प्रकरण वाकणाऱ्या जागी जास्त होतं.

गरम झाल्यावरच त्रास देणारी गाडी थंड असताना कितीही हलवा, हसत उभी राहील. अशा वेळी आधी गाडी चांगली अर्धा तास चालवून आणा. पाण्याचा संशय असेल तर स्प्रेच्या बाटलीने नुसता धुक्यासारखा फवारा एकेका कपलरवर मारा, पाइप लावू नका.

कपलर उघडल्यावर काय बघायचं

आता इंजिन बंद, चावी काढलेली, इंजिन थंड. वायरी कापायच्या असतील तर बॅटरीची निगेटिव्ह पण काढा.

कपलर काढायची पण एक पद्धत आहे आणि निम्मे लॉक लोक काढतानाच तोडतात. लाल, पिवळं किंवा राखाडी सरकतं लॉक असेल तर आधी ते मागे ओढा. मग कपलर बाहेर ओढायच्या *आधी* किंचित आत दाबा, म्हणजे लॉकवरचा ताण सुटतो, मग लॉकची पट्टी दाबा आणि बाहेर काढा. वायरी धरून ओढायचं नाही, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं तर मुळीच नाही. इंजिनच्या डोक्यावर वर्षानुवर्षं भाजून ते प्लास्टिक बिस्किटासारखं कडक झालेलं असतं, थोडं जास्त वाकवलं की कट्.

लॉक बघा. पट्टी तुटलीय का, किंवा आहे पण तिचा दात झिजलाय का. परत लावताना "टक्" असा आवाज यायला हवा आणि नंतर हलकं ओढल्यावर कपलर जागचा हलता कामा नये. टक् नाही म्हणजे बसला नाही, दिसायला कितीही बसलेला वाटो.

मग पिना. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून, जमलं तर मोबाइलच्याच कॅमेऱ्यात झूम करून बघा. चांगल्या फीमेल पिनेत (कपलरमधली पोकळ पिन, जिच्यात कॉइलची मेल पिन घुसते) दोन्ही पत्त्या सारख्या, आत एकमेकींकडे झुकलेल्या आणि चकचकीत दिसतात. खराब पिनेत एक पत्ती मागे दबलेली असते, मधली फट शेजारच्या पिनेपेक्षा मोठी दिसते, आणि जिथे मेल पिन टेकते तिथे काळसर करडा ठिपका, बोटाने पुसला तर बारीक भुकटी लागते. हा गंज नेहमीसारखा पाण्याने आलेला नसतो. पिनेवर कथलाचा मुलामा असतो, इंजिनच्या थरथरीने दोन पिना केसापेक्षाही कमी अंतर एकमेकींवर घासत राहतात, दरवेळी कथलाचा नवा पृष्ठभाग उघडा पडतो, त्यावर ऑक्साइड धरतं, ते घासून परत नवा, आणि ही सगळी भुकटी त्याच जागी अडकून करंटच्या वाटेत बसते. म्हणजे पकड जितकी सैल तितकं घासणं जास्त आणि भुकटी जास्त. हिरवं किंवा पांढरट काही दिसलं तर मात्र पाणी शिरलंय, मग आतलं रबरी सील आणि वायरीच्या मागची छोटी रबरं तपासा.

सगळ्या पिना समोरून एका रेषेत आहेत ना ते पण बघा. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा मागे सरकलेली असेल तर कपलर टक् करून बसतो, लॉक शाबूत असतं, सगळं छान दिसतं आणि आतली पिन टोकाटोकानेच टेकलेली असते. मागून एकेक वायर दोन बोटांत धरून हलकी ओढा, जी हलते ती पिन तिच्या घरात (कपलरमधल्या खाचेत) लॉक झालेली नाही.

पकड तपासायला त्याच मापाची एक सुटी मेल पिन लागते, जुनी मेलेली कॉइल पडली असेल तर तिचं प्लास्टिक फोडून काढता येते. ती प्रत्येक घरात हलकेच घाला आणि काढा, थोडं धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे. अंदाज येत नसेल तर शेजारच्या चांगल्या सिलेंडरच्या कपलरमध्ये घालून फरक बघा, फरक बोटांना लगेच कळतो. मल्टीमीटरची जाडी टोकं मात्र फीमेल पिनेत घुसवू नका, धड असलेली पिनपण त्याने फाकते आणि मग दोनाऐवजी तीन नंबर मिसिंग करायला लागतो.

मल्टीमीटरवर किती विश्वास ठेवायचा

ओहम लावून वायर चेक केली, शून्य आलं, म्हणजे वायर चांगली, असं नसतं. मीटर अगदी नगण्य करंट सोडतो, एक तार शिल्लक असली तरी तो शून्य दाखवतो, पण त्याच एका तारेतून सहा अँपिअर जाणार नाहीत. तसंच कपलर काढून १२ व्होल्ट येतायत बघणं पण अर्धवट, लोड नसताना येतातच.

म्हणून लोड टाकून बघा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. त्याला योग्य मापाच्या पिना जोडून कपलरच्या १२ व्होल्टच्या आणि अर्थिंगच्या घरात लावा, चावी ऑन करा, आणि बल्ब पेटलेला असताना बल्बवरचे व्होल्ट आणि बॅटरीवरचे व्होल्ट मोजा. काही गाड्यांत इंजिन फिरत नसेल तर कॉइलची सप्लाय थोड्याच वेळात बंद होते, तेव्हा बल्ब विझला म्हणून लगेच वायरीवर खापर फोडू नका. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टच्या वर फरक असेल तर वाटेत कुठेतरी खातंय. कुठली बाजू ते बघायला एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि दुसरं कपलरच्या अर्थिंगला, बल्ब पेटलेला असताना इथे ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवं. मग बल्ब पेटलेला असताना वायर हलवा. मिणमिणला की जागा सापडली.

सावधान, हे फक्त सप्लाय आणि अर्थिंगच्या वायरीला. ईसीएमकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरीला बल्ब लावायचा नाही, ईसीएमचा ड्रायव्हर उडू शकतो. तीन पिनांच्या कपलरमध्ये सहसा सप्लाय, अर्थिंग, सिग्नल असं असतं, दोन पिनांच्यात सप्लाय आणि थेट ईसीएमकडे जाणारी वायर, तिथे बल्बचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. कुठली वायर कुठली ते त्या गाडीच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवा, रंगावरून अंदाज नको. आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये सोडणाऱ्या) गाडीत इंजेक्टरच्या कपलरला यातलं काहीच करू नका, तिथे १२ पेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं.

दुरुस्ती

नुसती भुकटी आणि मळ असेल, पकड चांगली असेल, तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने दोन्ही बाजू साफ करा, पूर्ण वाळू द्या. गंजलेले नट सोडवायचा तेलकट स्प्रे म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. पॉलिश पेपर घासू नका, आज चकचकीत दिसेल पण मुलामा गेला की उघडं तांबं अजून लवकर काळं पडतं. डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं तर रबरी सीलवर आणि कडेला, बोटाने पातळ थर. ते करंट वाहून नेत नाही, पाणी रोखायला आहे, कपलर भरून थापायचं कामच नाही.

पिन सैल असेल तर कपलरचं आतलं दुसरं लॉक उचलून पिन मागून बाहेर काढता येते आणि बारीक सुईने पत्ती जराशी आत वाकवता येते. करा, पण हे कायमचं समजू नका. चिमट्याची स्प्रिंग एकदा मेली की हाताने वाकवून ती परत तशी होत नाही, पत्तीचंही तेच. त्याच मापाची नवीन पिन मिळाली तर ती योग्य क्रिम्परने (पिन वायरीवर दाबून बसवायच्या पकडीने) दाबून टाकणं जास्त बरं.

लॉक तुटलंय, प्लास्टिक वितळलंय किंवा पिना काळ्याठिक्कर झाल्यात तर सरळ वायरीसकट मिळणारा नवीन कपलर टाका. इथे घाई नको. आधी फोटो. नवीन कपलरच्या वायरींचे रंग गाडीशी जुळतीलच असं नाही, कधीकधी सगळ्या एकाच रंगाच्या येतात, म्हणून रंगावर न जाता घर नंबर एकला घर नंबर एक असं जुळवा. तिन्ही वायरी एकदम कापू नका, एक कापा, जोडा, मग दुसरी. जोड एकाच रेषेत न ठेवता मागे-पुढे ठेवा म्हणजे गाठोडं होत नाही आणि चुकून एकमेकांना टेकत नाहीत. वायर जुन्याच जाडीची. हीट श्रिंक स्लीव्ह, आतून गोंद असलेली, जोड द्यायच्या *आधी* वायरीत ओवून ठेवा. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळणं हे इंजिनच्या डोक्यावर टिकत नाही, गरमीने टेपचा गोंद वितळून ती सुटते.

सोल्डर की क्रिम्प यावर लोक हातघाईवर येतात. मी क्रिम्पच्या बाजूने आहे. सोल्डर वायरीच्या आत झिरपून तेवढा भाग कडक करतं आणि थरथरणाऱ्या जागी वायर बरोबर त्या कडक भागाच्या कडेला तुटते. सोल्डर केलंच तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायर बांधून घ्या म्हणजे वाकणार नाही.

केबल टाय? घरी पोचायला चालेल. कपलर पूर्ण आत बसवून, कॉइलच्या अंगाला धरून सरळ बांधा, तिरका ओढला तर एक पिन टेकेल आणि दुसरी उचलेल. पण पिनेची पकडच गेली असेल तर बाहेरून कितीही आवळून काही होत नाही. सिलिकॉन किंवा एम-सील लावून कपलर कॉइलला कायमचा चिकटवणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार, पुढच्या वेळी प्लग बदलणारा माणूस तुमची आठवण काढेल.

कपलर सैल होतोच का

इथपर्यंत केलं आणि थांबलं तर नवीन कपलरपण त्याच वाटेने जाणार. म्हणून आता हार्नेसकडे बघा. वायरिंगचा जाड दोर इंजिनवर क्लिपांनी अडकवलेला असतो, प्लग बदलताना त्या क्लिपा तुटतात आणि कोणी परत लावत नाही. मग तो सगळा दोर कपलरवर लोंबकळतो आणि इंजिनच्या प्रत्येक थरथरीला कपलरला झटका देतो. कपलरजवळ वायर थोडी सैल, कमान करून राहिली पाहिजे, ताणलेली नको. बऱ्याचदा हार्नेस चुकीच्या वाटेने नेलेला असतो, फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीच्या) खालून जायचा तो वरून गेलाय, आणि शेवटच्या सिलेंडरला वायर बोटभर कमी पडते. नेमका तोच सिलेंडर मिसिंग करतो, यात नवल नाही.

कॉइलचा बोल्ट बघा. साधारण १० नंबरचा पाना लागणारा छोटा बोल्ट असतो आणि तो नसतोच बऱ्याच गाड्यांत! "कॉइल रबरावर घट्ट बसते, काय गरज" म्हणून सोडून दिलेला. बोल्ट नाही म्हणजे कॉइल वेगळी हलते आणि वायर वेगळी हलते, आणि ते सगळं हलणं पिनेत जातं. लावताना हलक्या हाताने, खाली ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक असतं, आटे गेले तर नवीन दुखणं.

प्लगच्या खड्ड्यात ऑइल आहे का? असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय. ऑइलने कॉइलचं रबर फुगतं, कॉइल नीट खाली बसत नाही, आणि कपलरचं सीलपण मऊ पडून निसटतं. आधी पॅकिंग, मग कपलर.

इंजिन माउंटिंग फाटलेलं असेल तर इंजिन गरजेपेक्षा जास्त झुकतं. एका गाडीत मी बघितलंय, रिव्हर्स टाकून क्लच सोडला की नेमकं तेव्हाच एक सिलेंडर मिसिंग करायचा, पुढे जाताना काही नाही. इंजिन मागे झुकलं की बॉडीला बांधलेला हार्नेस ताणला जायचा आणि कपलर एका बाजूने उचलला जायचा. त्या गाडीला तोवर दोन वेगवेगळ्या कॉइल लागून झाल्या होत्या.

झालं का नाही ते बघणे

कोड डिलीट करा. बॅटरी काढली असेल तर सुरुवातीला आयडल थोडं वर-खाली होईल, ईसीएम परत शिकत असतो, त्याला मिसफायर समजून घाबरू नका. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, बंद करून दहा-पंधरा मिनिटं बॉनेट न उघडता ठेवा, तेव्हा कॉइलच्या जागी सगळ्यात जास्त उष्णता साठते, आणि मग लगेच चालू करून परत काठीने हलवून बघा. फ्रीझ फ्रेममध्ये जो स्पीड आणि लोड होता तशी गाडी चालवा. नंतर स्कॅनरवर फक्त कन्फर्म कोड बघून थांबू नका, पेंडिंग कोडची लिस्ट पण उघडा. बऱ्याच गाड्यांत पहिल्या फेरीत दोष पेंडिंगमध्ये जातो आणि पुढच्या फेरीत परत दिसला तरच दिवा लागतो, म्हणजे दिवा नाही याचा अर्थ काहीच नाही असा नसतो.

एवढं करून त्याच सिलेंडरचा कोड परत आला तर त्या वायरीचं दुसरं टोक, म्हणजे ईसीएमचा मोठा कपलर, तिथली ती एक पिन याच पद्धतीने बघा. तीही ठीक असेल तर वायरिंग सोडा आणि कॉम्प्रेशन मोजा. आणि कोड एका सिलेंडरचा न राहता पी०३०० झाला असेल, झटके सगळीकडून येत असतील, तर एकेक कॉइलचा कपलर उघडत बसू नका. सगळ्यांना मिळून जे लागतं तिकडे जा, म्हणजे कॉइलचा फ्यूज आणि रिले, इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी, आणि क्रँक सेन्सरचा कपलर. झटक्याच्या वेळी आरपीएमचा काटा एकदम शून्याकडे पडत असेल तर सुरुवात क्रँक सेन्सरपासूनच करा.